मदत हवी आहे: होम फोल्डरवर ७७७ चालवलं, परमिशन पूर्ववत कशा करू?

मशीन लिनक्स आहे. परवा एक सेटिंगची फाइल बदलायला ग्राफिकल एडिटरच सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लावून उघडला. दुसऱ्या दिवसापासून लॉगिन होईना. पासवर्ड घेतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनच समोर. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर गेलो, तर डॉट-एक्सऑथॉरिटी (ग्राफिकल लॉगिनला लागणारी) फाइलचा मालक रूट, म्हणजे प्रशासक, झालेला.

तेवढ्या एका फाइलचा मालक बदलायला हवा होता. मी घाबरून अख्ख्या होमवर 'सुडो चमॉड -आर ७७७' चालवलं, म्हणजे आतल्या सगळ्या फाइली सगळ्यांना वाचायला, लिहायला आणि चालवायला मोकळ्या केल्या. लॉगिन झालं, पण आता एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचं साधन) माझी खाजगी किल्ली वापरत नाही, परमिशन फार मोकळ्या आहेत म्हणतं. दुसऱ्या मशीनवरून किल्लीने इथे येणंही बंद. मोठा एक्स वापरून चमॉड करा असं वाचलं, केलं, तरी फाइलींवरचा एक्स (चालवण्याची परवानगी) जात नाही. आत कामाच्या पुष्कळ स्क्रिप्ट आहेत, नव्याने इन्स्टॉल करणं परवडणार नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर

मोठा एक्स फोल्डरना लागू होतो आणि ज्या फाइलींवर आधीच एक्स आहे त्यांनाही. ७७७ ने तो प्रत्येक फाइलीवर बसवला, म्हणून इथे त्याचा उपयोग नाही.

आधी मालकी बघा. 'फाइंड' या शोधाच्या कमांडला 'नॉट यूजर' आणि तुमचं नाव देऊन परक्या मालकीच्या फाइलींची यादी काढा, ती नीट वाचा आणि मगच चोन (मालक बदलण्याची कमांड) चालवा. त्यानंतर फाइंडनेच टाइप डी म्हणजे फोल्डरना ७५५ आणि टाइप एफ म्हणजे फाइलींना ६४४ द्या; यात लिहिता फक्त मालकाला येतं, बाकीच्यांना वाचता येतं. मशीन इतरही वापरत असतील तर ७०० आणि ६०० बरं, मग मालकाशिवाय कुणालाच काही दिसत नाही. डॉट-एसएसएच फोल्डर ७००, खाजगी किल्ली आणि ऑथोराइज्ड-कीज (आत येऊ द्यायच्या किल्ल्यांची यादी) ६००. डॉट-जीएनयूपीजी (एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांचं फोल्डर) असेल तर त्यालाही ७००, आतल्या फाइलींना ६००. बाहेरून येणं अडलंय ते बहुधा होम फोल्डरच सगळ्यांना लिहिता येण्याजोगा झाल्यामुळे, ७५५ केलंत की तेही सुटेल.

स्क्रिप्टचा एक्स मात्र हाताने परत द्यावा लागेल. पहिल्या ओळीत हॅश आणि उद्गारचिन्ह असलेल्या फाइली ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) वापरून शोधा. गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) मधल्या प्रकल्पांचं सोपं आहे: एक्स होता की नाही हे गिट लक्षात ठेवतं, गिट डिफमध्ये जुना मोड १००७५५ दिसला की त्या फाइलीला एक्स परत द्यायचा.

आणि मशीनवर दुसरं कुणी असेल तर एसएसएचची खाजगी किल्ली बदलाच. मधल्या काळात ती कुणालाही वाचता येत होती.

प्रश्नकर्ता

यादी काढली. बरंचसं रूटचं आहे, पण एका फोल्डरचा मालक नावाऐवजी ९९९ दिसतो. कंटेनरमधल्या (वेगळ्या बंदिस्त वातावरणात चालणाऱ्या) डेटाबेसचा डेटा आहे तो.

उत्तर

त्याला चोनमधून वगळा. तो आकडा कंटेनरच्या आतल्या वापरकर्त्याचा आहे, बदललात तर डेटाबेस कदाचित सुरू होणार नाही. वरचं ७५५-६४४ ही तिथे चालवू नका. कंटेनर थांबवा, डेटाची प्रत काढा आणि त्या फोल्डरचं वेगळं बघू.