नोकरी धरताना-सोडताना पगार बघितलात की मन? बडोदेकरांनो, आपापले अनुभव लिहा

दांडियाबाजारकर: काल रात्री नंदेसरीवरून येताना तोच आंबूस-कडवट वास नाकात शिरला आणि १९९७ आठवलं. बीएस्सी केमिस्ट्री, बाबा नुकतेच रिटायर, बहिणीचं लग्न ठरलेलं. तिथल्या एका केमिकल कारखान्यात लॅब केमिस्टचे साडेचार हजार देत होते. आधीच्या ठिकाणी अठ्ठावीसशे मिळायचे. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीला सांडपाण्याचं सँपल घेतलं तर पीएच पेपर लालभडक, म्हणजे जबर अ‍ॅसिड. दोन-तीनच्या वर नक्कीच नाही. रजिस्टर उघडलं, तर मागचे पंधरा दिवस ७.२, ७.२, सगळं एकाच पेनने. सुपरवायझर म्हणाला, "सात लखी नाख ने, यार." लिहिलं. चार महिने लिहीत होतो. लग्नाचे पैसे जमले तेव्हा सोडली, म्हणून मला शूर वगैरे म्हणू नका. तुमचं सांगा.

वाडीवाली: माझं पाउचवरून अडलं. फाइन आर्ट्स झालं, पॅकेजिंगमध्ये लागले. २०१२ ला गुजरातेत गुटखाबंदी आली, मग पळवाट म्हणून पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत. आमच्याकडे दोन्हीचं काम आलं. मी नाही म्हटलं, इन्क्रिमेंट गेलं. घरी सासरे मावा चोळत म्हणाले, "तू डिझाइन नाही केलंस म्हणून मी खायचा थांबलो का गं?" 😑

मांजलपूरचा मन्या: 😂😂 काका रॉक्स

आजोबा_रावपुरा: आमच्या वेळी असले प्रश्नच नव्हते. सरकारी लागली की देवाला पेढे. रावपुऱ्यात हल्ली पार्किंग मिळत नाही, त्यावरही कोणी धागा काढा.

मकरपुरा_फिटर: तत्त्वं पोटभरल्यांची. मी शेठला देवमाणूस समजून साडेचार हजार कमी घेऊन राहिलो. चार वर्षं पाच महिन्यांनी "उद्यापासून येऊ नको". ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, हे त्याला माझ्याआधी माहीत. वर स्लिपवर पीएफचे बारा टक्के कापलेले, पासबुकात काहीच नाही. शेठ गोड बोलतो का नंतर बघा, आधी पासबुक बघा.

दांडियाबाजारकर: फिटरभाऊ, पीएफ ऑफिसात तक्रार केलीत ना?

मकरपुरा_फिटर: केली. चकरा चालू. जेवतोय, नंतर लिहितो.

सयाजीगंज_ताई: मी कर्जवसुलीच्या कॉलिंगला होते, अलकापुरीत एसी ऑफिस, कँटीन, सगळं बेस. रिझर्व्ह बँकेने २०२२ ला सांगितलंय की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. आम्हाला रात्री साडेआठला स्वतःच्या मोबाइलवरून करायला लावायचे. एकदा यादीत आमच्या शाळेच्या शिपाईकाकांचं नाव आलं. त्यांनी आवाज ओळखला. म्हणाले, "जेवलीस का बेटा?" मी फोन ठेवला. आता ट्यूशन घेते, निम्मे पैसे. दर महिन्याच्या वीस तारखेला पस्तावते, खोटं कशाला बोलू.

नवा_इंजिनियर: ताई 🙏 माझ्याकडे दोन ऑफर आहेत, त्यातल्या एकीचा

नवा_इंजिनियर: सॉरी, अर्धवट गेलं. बॉस आले. रात्री लिहितो.

मांजलपूरचा मन्या: वाडीवाली ताई, सासऱ्यांचा मावा सुटला का शेवटी?

वाडीवाली: कुठला! काल फ्रीजमागे पुडी सापडली. डिझाइन मात्र भिकार होतं. थांबा, कुकर झाला.