मदत हवी आहे: शाळेतल्या तंत्रशिक्षणाच्या निदेशकांचं मानधन कुठून उभं करायचं?

खेड्यातली अनुदानित माध्यमिक शाळा, नववी-दहावीची मिळून ९० मुलं. वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन असा आठवड्यातून एक दिवस हाताने काम शिकवायचा विचार आहे, पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रम या संस्थेच्या धर्तीवर. खोली आहे, थ्री-फेज वीज आहे, हत्यारं माजी विद्यार्थी देणार आहेत. (यंत्र द्यायला सगळे तयार असतात, त्यावर नावाची पाटी लागते!) घोडं अडलंय ते हे काम शिकवणाऱ्या निदेशकांच्या मानधनापाशी. ते दर महिन्याला लागणार.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून व्यावसायिक विषय मिळावा म्हणून प्रस्ताव दिला होता, यंदाच्या यादीत नाव नाही. पालकांकडून फी घ्यायची नाही हे शाळा समितीत ठरलंय, त्यामुळे तो पर्याय सुचवू नका.

आता एका कंपनीशी सीएसआरबद्दल (कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायचा खर्च) बोलणं चालू आहे. संस्थेकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी आहे, हा निधी घ्यायला लागणारी सीएसआर-१ नोंदणी करून घेऊ. पण नियमात तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव मागितलाय. संस्था ३० वर्षं शाळा चालवतेय, तंत्रशिक्षण मात्र नवं. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये (सीएसआरमध्ये बसणाऱ्या कामांची यादी) शिक्षण आणि रोजगारक्षम कौशल्यं एकाच मुद्द्यात येतात, मग शाळेचा अनुभव ग्राह्य धरतात का? आणि कुणाला एका वर्षापेक्षा जास्त मुदतीसाठी मानधनाचा खर्च मंजूर झाला असेल, तर करारात तो नेमका कसा लिहून घेतलात?