फ्लाय फिशिंगच्या बुटांना सोल कुठला घ्यावा? (न्यूझीलंड, दक्षिण बेट)

नमस्कार मंडळी. मी ऑकलंडला असतो. दोन हंगाम उत्तर बेटातल्या तोंगारिरो नदीवर ट्राउट माशाच्या मागे आहे, पाण्यात उतरून नकली माशी गळाला लावून. जानेवारीत साउथलंडला माताउरा आणि ओरेती या नद्यांवर आठवडाभर जायचं ठरलंय. सध्याचे बूट साध्या रबरी सोलचे आहेत. गेल्या महिन्यात तोंगारिरोत शेवाळलेल्या धोंड्यावरून पाय सटकला आणि छातीपर्यंत पाण्यात गेलो. गुडघा चार दिवस सुजला होता. नवे बूट घ्यायचेच आहेत. कोलोरॅडोतला मित्र म्हणतो, फेल्टच्या (नमद्याच्या) सोलला तोड नाही, येताना तुला जोडी आणतो. इथला दुकानदार म्हणतो, फेल्ट चालत नाही. नक्की काय घेऊ? वजन ८२ किलो, आणि बायकोला मी धडधाकट परत यायला हवा आहे.

व्हाळकाठ, क्राइस्टचर्च
मित्राला आजच कळवा, फेल्ट आणू नको म्हणावं. न्यूझीलंडमध्ये फेल्टच्या सोलवर २००८ पासून बंदी आहे. २००४ मध्ये साउथलंडच्याच वायआऊ नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ते दिसतं बुळबुळीत, पण हाताला लागतं ओल्या कापसासारखं. एकदा धरलं की तळाचे दगड त्याच्याखाली झाकून जातात. नदीत एक पेशी गेली तरी पुरते. फेल्ट वरून सुकला तरी आतून ओला राहतो आणि त्या ओलीत पेशी जिवंत राहतात. उत्तर बेटात हे शेवाळ अजून आलेलं नाही. म्हणजे परतताना तुमच्या बुटांवर तुमच्याच तोंगारिरोची जबाबदारी आहे. मला ही गोष्ट पकडीपेक्षा मोठी वाटते.

पाणवाट, डेन्व्हर
मी दहा वर्षं फेल्ट वापरला. गुळगुळीत गोट्यांवर तो खरंच चिकटून बसतो, मित्र खोटं सांगत नाही. पण काठावरच्या ओल्या गवतात आणि चिखलात तोच सोल घसरतो, आणि बर्फात चाललं की तळाला बर्फाचे गोळे धरतात. यलोस्टोन पार्कनेही २०१८ पासून फेल्ट बंद केला, तेव्हा मी रबर आणि स्टड्सवर (सोलला लावायच्या धातूच्या टोकांवर) आलो.

नुसतं रबर घेऊ नका. टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे स्क्रू मिळतात, ते बसवून घ्या. माझ्या प्रत्येक बुटाला बारा आहेत: अंगठ्याखाली, चवड्याच्या कडेने आणि टाचेच्या कडेने. मधल्या खोलगट भागात एकही नाही, तिथे भार येत नाही. स्क्रूची लांबी सोलच्या जाडीपेक्षा कमी हवी, नाहीतर टोक आत तळपायाला लागतं. बसवल्यावर हात आत घालून चाचपून बघा.

देवरुखकर
मी पुण्याचा, दोनदा हिमाचलात तीर्थन नदीवर ब्राउन ट्राउटसाठी गेलोय. बर्फाचं पाणी, मोठे धोंडे. तिथे मला ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सोल फार आवडला. धातू मऊ असतो, त्यामुळे खडबडीत दगड त्यात रुततो आणि पाय बसतो. बूट जड होतात, चालायचं अंतर जास्त असेल तर पाय भरून येतात.
आणखी एक. वेडर्सचे (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीचे) निओप्रीनचे, म्हणजे फोमसारख्या रबराचे, मोजे जाड असतात, बूट एक नंबर मोठा घ्या. आवळ बुटात बोटं गार पडतात आणि दगड कळेनासा होतो. कोकणात व्हाळ ओलांडताना आम्ही अनवाणी जायचो ते याचसाठी, तळव्याला दगड कळायला हवा.

व्हाळकाठ
पाणवाट यांच्याशी थोडा असहमत. माताउराचा तळ बराचसा खडीचा आहे, तिथे साधं चांगलं रबर पुरतं. पाणी नितळ, मासा नजरेने हेरून मगच गळ टाकायचा. उथळ पाण्यात स्टड दगडावर करकरले की ब्राउन ट्राउट निघून जातो. मी घोट्याएवढ्या पाण्यात पाऊल उचलून अलगद ठेवतो, फरफटत नाही. तोंगारिरोच्या धोंड्यांसाठी मात्र स्टड हवेतच.

धागाकर्ता
मनापासून धन्यवाद. मित्राला रात्रीच फोन केला. मग रबरी सोल घेतो आणि स्टड्स तोंगारिरोपुरते लावतो, चालेल? स्क्रू काढघाल केल्याने भोकं सैल होतील का?

पाणवाट
होतात. हंगामात एकदा बदला, दर आठवड्याला नको. बदलता येणाऱ्या सोलचे बूटही मिळतात, दोन्ही नद्यांवर जाणार असाल तर तेच घ्या. महाग पडतात, पण तुमची गरज नेमकी तीच आहे. गाइडच्या बोटीत बसणार असाल तर आधी विचारा, रबरी बोटीत स्टड चालू देत नाहीत.
आणि काठी घ्या. प्रवाहाकडे तोंड, काठी वरच्या अंगाला, एक पाय पक्का बसल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. वेडर्सचा पट्टा कमरेला घट्ट. पडलात तर आत पाणी भरायला वेळ लागतो.

व्हाळकाठ
परतीच्या आधी: बुटांतला चिखल, गवताच्या काड्या नदीकाठीच काढा. बादलीत १० लिटर पाण्याला अर्धा लिटर भांडी घासायचं लिक्विड घालून त्यात बूट दहा मिनिटं बुडवून ठेवा, लेसेस सोडून. मग आतून-बाहेरून हाताला कोरडे लागेपर्यंत वाळवा आणि त्यानंतर आणखी ४८ तास. मी बुटाची जीभ बाहेर ओढून, तळपट्टी काढून उन्हात ठेवतो. ओल लेसच्या कड्यांखाली राहते, तिथे बोट लावून बघा.