कुत्रं लई ओढतंय, आई पडली. छातीचा हार्नेस की तोंडाचा हेड कॉलर?

फुलेवाडीकर:
नमस्कार मंडळी. आमचा वाघ्या लॅब्राडोर आणि गावठीचं मिश्रण, सव्वादोन वर्षांचा, वजन ३१ किलो. मी शिरोली एमआयडीसीत पहिल्या पाळीला असतो, त्यामुळं सकाळी त्याला फिरवायचं काम आईकडं. आईचं वय ६१, वजन ४८. हिशेब तुम्हीच करा.

गेल्या मंगळवारी रंकाळ्याला चौपाटीच्या बाजूला रात्रीचे भेळीचे कागद पडलेले. त्यातल्या एकावर हा असा झेपावला की दोरी मनगटाला गुंडाळलेली आई थेट गुडघ्यावर आली. हाड वाचलं, पण मनगट सुजल्यामुळं भाकरी थापणं बंद. तीन दिवस घरानं मी केलेल्या भाकरी खाल्ल्या, त्यावरनं प्रकरण किती गंभीर आहे ते समजा.

पट्ट्यानं घशातनं घरघर येते म्हणून मी महिन्यापूर्वी एका दुकानातनं १४५० रुपयांचा हार्नेस आणला होता. वर 'नो पुल' छापलंय. दुकानदार म्हणाला, आता कुत्रं शेजारी चालेल. शेजारी कुठलं! घसा आवळत नाही म्हटल्यावर गडी दुप्पट जोर लावतोय. दोरी अडकवायला एकच कडी, ती पाठीवर. वर काखेत लाल चट्टा उठलाय.

आता नाकावरनं पट्टी जाते तो हेड कॉलर बघतोय. आई म्हणते, तोंड बांधून नेलं तर लोक म्हणणार कुत्रं चावकं आहे. कुणी वापरलाय का? आईला झेपेल का?

पेठेतला_गडी:
फासाची साखळी घाला. दोन हिसके बसले की सरळ. आमच्या डॉबरमनला तेच.

वडणग्याचा_अण्णा:
फासाच्या साखळीचं मनावर घेऊ नकोस. मी पण तरुणपणी घातली होती आमच्या कारवानी कुत्र्याला, आता लाज वाटते. घसा आवळतो ते दिसतं तरी, डोळ्यातला दाब वाढतो तो दिसत नाही. २००६ साली अमेरिकेतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी मोजून बघितलंय, गळ्याच्या पट्ट्यावर ताण आला की डोळ्यातला दाब वाढतो, हार्नेसवर आला तर वाढत नाही. म्हणजे तुझा हार्नेस चुकला नाही, कडीची जागा चुकली.

बैलाच्या भाषेत सांगतो. बैल गाडी ओढतो ती खांद्यावरच्या जुवानं. वळतो तो तोंडाकडनं, कासऱ्यानं. पाठीवरची कडी म्हणजे तू वाघ्याला जू घातलंयस. ओढायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांचा दोर मागनंच जोडलेला असतो, ते काय उगाच नव्हे.

हेड कॉलर म्हणजे म्होरकी. तोंड वळलं की धड वळतं, ताकद लागत नाही. आईंना म्हणावं, बेंदराला नवी म्होरकी घातलेल्या बैलाला गावात कोण चावका म्हणतंय का? त्यात तोंड बांधलं जातच नाही. कुत्रं धापतंय, पाणी पितंय, भेळीचा कागद पण खातंय. आणि चावायचंच ठरवलं तर चावतंय पण, तेवढं ध्यानात ठेवा.

पण मी आधी छातीवर पुढं कडी असलेला हार्नेस घेईन. ओढलं की अंग बाजूला फिरतं, पुढं जोर लागत नाही, आणि जनावराला सवयीला वेळ लागत नाही. पट्ट्या इंग्रजी वाय अक्षरागत छातीवरनं पायांच्या मधी उतरणाऱ्या बघ. खांद्यावरनं आडवी पट्टी गेली की पाऊल मोकळं पडत नाही. तुझा चट्टा पोटाची पट्टी काखेत घुसल्यामुळं असणार. ती कोपरापासनं तीन-चार बोटं मागं बसली पाहिजे. खोक्यावरचं वजन वाचून माप घेऊ नकोस. शिंप्याची टेप घे आणि पुढच्या पायांमागं छातीचा घेर मोज. पट्टीखाली दोन बोटं जायला पाहिजेत, तीन गेली तर निसटणार.

निसटणं काय असतं ते मला विचार. कारवानीचं डोकं मानेपेक्षा बारीक. एकदा उसाच्या बांधावरनं ससा उठला, ह्यानं दोन पावलं मागं घेतली, मान खाली घातली आणि गेला. मी रिकामा पट्टा हातात घेऊन नदीपर्यंत हाका मारत हिंडलो. साहेब दिवेलागणीला घरी, पाय चाटत बसलेले.

ताराबाई_पार्कातली:
अण्णांची म्होरकी आवडली, पण एक फरक आहे. बैलाला लहानपणापासून सवय असते. कुत्र्याला हेड कॉलर थेट घालून बाहेर नेलात तर तो पंजानं ओरबाडतो, तोंड रस्त्याला घासतो. आमच्या लॅब्राडोरला मी पंधरा दिवस दिले. आधी नुसतं नाकाचं कडं हातात धरायचं आणि पलीकडून चिकनचा तुकडा दाखवायचा, म्हणजे तो आपणहून नाक घालतो. मग दोन सेकंद, मग बक्कल, मग घरातल्या घरात, मग फाटकापर्यंत. गळ्यातल्या पट्ट्याला जोडणारी छोटी पट्टी लावाच. नाकावरून निसटला तरी कुत्रा हातात राहतो.

हिसका अजिबात द्यायचा नाही, मान मुरगळते. लांब दोरी पण नको, पळत टोकाला गेला की तोच हिसका. आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला हे बसतच नाही.

काकूंना सांगा, दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, मुठीत घडी करून धरायची. दोरी ताणली की जागच्या जागी थांबायचं. सैल झाली की चालायचं आणि खाऊ आपल्या मांडीशी द्यायचा, पुढं हात करून नाही. चिकन नुसत्या पाण्यात उकडलेलं. घरी मटण केलं तर अळणीतला (तिखट घालायच्या आधीच्या रश्शातला) तुकडा द्यायचा मोह होतो, पण त्यात लसूण असतो, तो नको.

फुलेवाडीकर:
तीन आठवड्यांनी लिहितोय. छातीवर कडीवाला घेतला. टेपनं मोजलं तर घेर ७६ सेंटिमीटर, म्हणजे आधीचा एक माप लहानच होता. चट्टा गेला.

पहिल्या दिवशी मी रजा काढून बरोबर गेलो. घरापासनं शालिनी पॅलेसपर्यंत एरवी वीस मिनिटं, त्या दिवशी पाऊण तास. वाघ्या ओढणार, आई थांबणार, वाघ्या वळून बघणार. एक ओळखीचे काका दोनदा विचारून गेले, पायाला काय झालंय का म्हणून.

आईनं आजीची पानाची चंची कपाटातनं काढलीय. कमरेला खोचते, पानसुपारीच्या कप्प्यात चिकन. वाघ्या आता रस्त्याकडं कमी आणि चंचीकडं जास्त बघतो. दुसरं कुत्रं दिसलं की अजून उसळतो, पण आई पडत नाही. तो गरकन फिरून तिच्याच पायात येतो. चौपाटीची बाजू सध्या टाळलीय.

म्होरकी पण मागवली. ती अजून घरातच, नाक घालायच्या टप्प्यावर. काल आई टीव्ही बघत कडं हातात धरून बसलेली, मालिकेत रमली आणि चिकन द्यायला विसरली. हा नाक आत घालून तसाच उभा, जाहिराती लागेपर्यंत.