मदत हवी आहे : बुद्धिबळाच्या किंग्ज इंडियन बचावात प्यादं जी४ घरावर कधी ढकलायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो. मुलगी बुद्धिबळ स्पर्धांत काळ्या मोहऱ्यांनी किंग्ज इंडियन बचाव खेळते. सध्या दोघं मिळून १९५३ सालचा झ्युरिकचा तैमानोव–नायडॉर्फ डाव पटावर मांडतोय. काळ्याने, म्हणजे नायडॉर्फने, जिंकलेला, काय देखणा डाव आहे!

पांढरा प्यादं सी५ घरावर ढकलून वजिराच्या बाजूने घुसतो, काळा एफ५, एफ४, जी५ अशी प्यादी राजावर सोडतो. मग ऐन हल्ल्यात नायडॉर्फ हत्ती एफ७ वर आणतो, जी७ चा उंट मागे एफ८ ला नेतो. डी६ चं प्यादं राखलं जातं, हत्तीला जी७ मोकळं होतं, इथवर समजलं. पण जी४ ची वेळ कशी ओळखायची? लेक घाई करते, हल्ला थंडावतो. थांबली तर पांढऱ्याचा हत्ती सी या उभ्या पट्टीतून आत येतो.

ठाणे, ऐरोली, वाशीकडे हा बचाव स्वतः खेळणारं कोणी रविवारी तासभर तिच्यासोबत पटावर बसेल का? फी अर्थातच देऊ. १९८९ चा पिकेट–कास्पारोव्ह डाव पाहिलाय, तसे आणखी सुचवा. नुसतं इंजिनचं (बुद्धिबळाच्या संगणक-प्रोग्रामचं) मूल्यांकन नको, ते बहुतेकदा पांढऱ्यालाच वरचढ दाखवतं आणि पोरगी हिरमुसते.