जखम, इजा की मुका मार?

शब्दवेडी: गाड्यांची रचना आणि पादचाऱ्यांना लागणारा मार, या विषयावरचा लेख मराठीत करते आहे. मी सगळीकडे 'जखम' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'इजा' केलं. अडलंय ते असं: बॉनेट बुटकं, उतरतं असेल तर धडक पायाला बसते, माणूस बॉनेटवर कोलमडतो, डोकं काचेवर आपटतं. पुढचा भाग उंच, उभट असेल तर मार थेट कमरेला नाहीतर छातीला. माणूस पुढे फेकला जातो, गाडीखालीही येऊ शकतो. यात कातडी शाबूत आणि आत कंबरेचं हाड मोडलेलं, असंही होतं. ती जखम का? शिवाय बॉनेटच्या पुढच्या टोकाला काय म्हणू: कड, काठ की धार?

जुना वाचक: जखमच ठेवा. इजा अरबी, फारसीमार्गे आलेला.

पानगळ: जखमही फारसीच! त्या न्यायानं 'क्षत' लिहावं लागेल. रक्त न येता लागलं तर आपल्याकडे 'मुका मार' आहे की. लहानपणी मला सायकलनं उडवलं होतं. खरचटलंसुद्धा नाही, म्हणून खेळत राहिले. आजी म्हणाली, "मुका मार उद्या बोलतो." दुसऱ्या दिवशी उठवेना.

शब्दवेडी: शब्द सुंदर आहे, पण हळद लावून बरं होणारं काहीतरी वाटतं. लेखात मरणाची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या 2023च्या अभ्यासात, 40 इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीची धडक जीवघेणी ठरण्याची शक्यता 30 इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटपेक्षा सुमारे 45 टक्के जास्त निघाली.

जुना वाचक: मग 'आघात' लिहा.

पानगळ: आघात आता मनावरच होतात. शरीराचं म्हटलं की वाचक अडखळतो.

रानवाट: 'धार' मात्र नको. धार कापते, बॉनेट ठेचतं. आणि लेखात 'टक्कर' असेल तर काढा. टक्कर एडक्यांची, दोघं डोकं लावतात तेव्हा. पादचाऱ्याला धडक बसते.

जुना वाचक: गाडीची झाडाशी टक्कर म्हणतोच ना? झाड कुठे डोकं लावतं?

रानवाट: म्हणतो, पण चूक म्हणतो. टक्कर देणं म्हणजे तोडीस तोड उभं राहणं. दीड टन लोखंडापुढे पायी माणूस कसली टक्कर देणार?

जुना वाचक: रूढ झालेला शब्द चूक कसा?

शब्दवेडी: 'टक्कर' सात ठिकाणी आहे. सगळीकडे 'धडक' करते. कड की काठ, ते सांगा ना कुणीतरी.