क्षारपड: अहवाल कपाटात, जिप्सम रानात

क्षारपड जमिनीबद्दल, म्हणजे क्षार साठून बिघडलेल्या जमिनीबद्दल, माहिती भरपूर आहे, शेतकरीच ऐकत नाही, असं म्हणतात. अर्धंच पटतं. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमच्या चुलत्यांचं उसाचं रान पांढरं पडायला लागलं, तेव्हा माती परीक्षणाचा अहवाल घरात होता. तो वाचून सांगणारं कुणी नव्हतं. दुकानदार म्हणाला जिप्सम टाका, म्हणजे जमीन सुधारायला वापरतात ते खनिज. टाकलं, सलग दोन वर्षं. काडीचा फरक नाही.

पुढे पाहुण्यांतल्या एका कृषी पदवीधर पोराने तोच कागद उलगडून सांगितला. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचं माप) ८.५ च्या आत, विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) मात्र ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या बरीच वर. म्हणजे जमीन क्षारयुक्त, चोपण (सोडियम साचून घट्ट झालेली) नव्हे. जिप्सम लागतं ते चोपणाला, कारण तिथे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम हटवायचा असतो. इथे क्षार पाण्यात विरघळून बाहेर जायला हवे होते, म्हणजे निचरा. जमिनीखाली मीटर-सव्वा मीटरवर सच्छिद्र पाईप घालायचे. खरी मेख पुढेच आहे: ते पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर खालच्या शेजाऱ्यांच्या रानातून जावं लागतं. चुलत्यांनी अहवाल त्यांच्यापुढे ठेवला, त्यांनीही माती तपासून घेतली, आकडे तसेच निघाले. (त्यातल्या दोघांशी बांधावरून बोलणं बंद होतं.) मुख्य चर पाच जणांनी मिळून काढला. उसाला पाणी मात्र अजून सगळे पूर्वीसारखंच मोकाट सोडतात. तो विषय काढला की जो तो घड्याळ बघतो.